पहिले सात आणि शेवटचे सात

धानाची मळणी आटोपली, पोती घरात लागली की आपल्याकडे रिकाम्या बांधीत कबड्डीची मैदानं आखली जातात. चुन्याच्या रेषा, चार खांबांना बांधलेले दिवे, कडेला मंडप आणि माइकवर ओरडून बसलेला एक घसा. ब्रह्मपुरी-नागभीडपासून चामोर्शी-अहेरीपर्यंत डिसेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम. अलीकडे गडचिरोली पोलीस दलाच्या वीर बाबुराव शेडमाके कबड्डी स्पर्धेमुळे दूर जंगलातल्या गावांचे चमूही मैदानात उतरू लागले आहेत. ज्या बाबुरावांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिली, त्यांच्या नावाच्या स्पर्धेत पोरं जीव तोडून खेळतात.

या जीव तोडण्याबद्दलच मला बोलायचं आहे, आणि तेही खेळाडूंशी नाही. गावच्या चमूची जबाबदारी ज्याच्या खांद्यावर असते त्याच्याशी. कधी ते शाळेतले गुरुजी असतात, कधी पोलीस भरती होऊन सुट्टीवर आलेला मोठा भाऊ असतो, कधी गुडघा गेल्यामुळे बाहेर बसलेला जुना गडी असतो. पहिल्या सातांत कोण, मुख्य चढाईपटूला किती वापरायचं, त्याला केव्हा बसवायचं आणि केव्हा पुन्हा उतरवायचं, हे तोच ठरवतो. बहुतेक वेळा हे मैदानाच्या कडेला, लोकांच्या आरड्याओरड्यात, दोन मिनिटांत ठरतं. ते आधीच्या संध्याकाळी, शांतपणे ठरवावं एवढीच माझी खटपट आहे.

आधी साधा हिशेब करू. पुरुषांचा पूर्ण सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. एका चढाईला जास्तीत जास्त तीस सेकंद. म्हणजे चाळीस मिनिटांत दोन्ही बाजू मिळून ऐंशीच्या आसपास चढाया, आपल्या वाट्याला चाळीस. आता गावातल्या स्पर्धेत ३२ चमू आले असतील तर पहिलं बक्षीस घेण्यासाठी पाच सामने जिंकावे लागतात. आयोजक वेळ कमी करतात हे खरं, पण पाचही सामने एका रात्रीत किंवा दीड दिवसात उरकतात हेही खरं. तुमचा एकच मुलगा प्रत्येक सामन्यात वीस-पंचवीस चढाया करत असेल तर रात्रभरात त्याच्या शंभर चढाया होतात. व्यावसायिक स्पर्धेतला खेळाडू एका रात्रीत एकच सामना खेळतो, नंतर झोपतो, त्याचे पाय चोळून देणारा माणूस पगारावर असतो. आपला मुलगा सकाळी पोती उचलून आलेला असतो.

हा हिशेब मी स्वतः फार उशिरा मांडला.

सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावी अशीच ३२ चमूंची स्पर्धा होती. आमच्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा होता, हरणासारखा. पहिला सामना अगदी नवख्या पोरांशी पडला. मध्यंतराला आम्ही चौदा गुणांनी पुढे होतो, तरी मी त्याला बाहेर काढलं नाही. लोक त्याच्या नावाने टाळ्या वाजवत होते, माइकवर त्याचं नाव घुमत होतं, आणि मला ते आवडत होतं. दुसऱ्या, तिसऱ्या सामन्यातही तेच. उपांत्य सामना पहाटे तीनच्या पुढे सुरू झाला. दंव पडलं होतं, माती वरून ओलसर झाली होती. दुसऱ्या डावात तो चढाईला निघाला तेव्हा समोर सातही गडी उभे होते. त्याने उजवा पाय बोनस रेषेच्या पलीकडे टाकला. मागचा पाय उचलला की गुण आपला. तो पाय उचललाच गेला नाही. टाच मातीला चिकटल्यासारखी राहिली. एवढ्या अर्ध्या क्षणात डाव्या कोपऱ्याने घोटा धरला. मुलगा सुटण्यासाठी वळला; कंबर वळली, मांडी वळली, गुडघ्याखालचा पाय तिथेच राहिला. तो ओरडला नाही. नुसता मातीवर बसून गुडघ्याकडे पाहत राहिला. त्या वर्षीची त्याची भरती गेली. सोळाशे मीटर धावायचं राहू द्या, जिना उतरायलाही त्याला चार महिने लागले.

दोष दंवाचा नव्हता, कोपऱ्याच्या पकडीचा तर नव्हताच. ती पकड चांगली होती. चौदा गुणांनी पुढे असताना मी त्याला बसवलं नाही, तिथे चूक झाली. त्याच्या पायातली उपांत्य सामन्याची ताकद मी पहिल्या सामन्यात टाळ्यांसाठी खर्च करून टाकली.

बास्केटबॉलमध्ये हा विचार जुना आहे. नागपूरला सामने पाहायला जाणाऱ्यांनी बघितलं असेल, पाच जण मैदानात, बारा जणांचा संघ, खेळ चाळीस मिनिटांचा. पाच गुणिले चाळीस, म्हणजे दोनशे मिनिटं. प्रशिक्षकाच्या हातात ही दोनशे मिनिटं असतात आणि ती त्याला बारा जणांत वाटायची असतात. अमेरिकेतल्या सॅन अँटोनियो स्पर्स संघाचे माजी प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच या वाटपाबद्दल प्रसिद्ध. नोव्हेंबर २०१२ मध्ये मायामीतल्या एका मोठ्या सामन्याआधी त्यांनी टिम डंकनसह चार प्रमुख खेळाडूंना विश्रांतीसाठी थेट घरी पाठवून दिलं. लीगने संघाला अडीच लाख डॉलरचा दंड केला. पण २०१३-१४ च्या साखळी हंगामात त्यांच्या एकाही खेळाडूची सरासरी ४८ पैकी ३० मिनिटांपर्यंतही गेली नाही, आणि जून २०१४ मध्ये अजिंक्यपद त्यांनीच जिंकलं. त्यांचा मनू जिनोबिली इतका मोठा खेळाडू, पण वर्षानुवर्षं तो पहिल्या पाचांत नसायचा. थोड्या वेळाने यायचा, समोरचे दमलेले असताना.

कबड्डीत हा हिशेब वेगळा आणि जास्त अवघड आहे. इथे मिनिटं पूर्णपणे प्रशिक्षकाच्या हातात नसतात. मुख्य चढाईपटू बाद झाला की तो आपोआप बाहेर बसतो आणि त्याला उठवायचं काम बाकीच्यांचं. पकड झाली किंवा चढाईत गडी मारला तर आपला एक गडी उठतो. बोनसने कोणी उठत नाही. आणि जो आधी बाद झाला तो आधी उठतो, मधल्या कोणाला ओलांडून हवा तो गडी घेता येत नाही. म्हणून मुख्य चढाईपटू किती वेळ मैदानात राहील हे तुमच्या दुसऱ्या चढाईपटूवर आणि दोन्ही कोपऱ्यांवर ठरतं. दुसरा चढाईपटू कच्चा असेल तर पहिला एकदा बाद झाल्यावर पाच-सहा मिनिटं बाहेर राहतो, तेवढ्यात आपल्यावर लोण चढतो, आणि सगळे एकदम उठले की घाबरून आपण पुन्हा त्यालाच पाठोपाठ पाठवतो. नुसतं बसणं आणि नुसतं धावणं, दोन्ही टोकं. अशाने शरीर लवकर मोडतं.

तेव्हा तयारीची सुरुवात दुसऱ्या चढाईपटूपासून करा. तिसऱ्यापासूनही. नोव्हेंबरमध्ये सराव सुरू होतो तेव्हा आठवड्यातून एक संध्याकाळ मुख्य चढाईपटूला चढाई करूच देऊ नका. त्याला कोपऱ्यात उभं करा, गुण लिहायला बसवा, काहीही करा. बाकीच्यांना मार खाऊ द्या. पहिले दोन आठवडे खेळ वाईट दिसेल. तिसऱ्या आठवड्यात एखादा शांत मुलगा सापडतो, ज्याला उडी नसते पण हात लांब असतो. तो रात्री एक वाजता उपयोगी पडतो.

तमिळ थलायवाज संघाने २०२२ साली प्रो कबड्डीच्या नवव्या मोसमासाठी पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि मोसम तिथेच संपला. नरेंदर कंडोला नावाच्या नवख्या चढाईपटूला मग भार उचलावा लागला, त्याने मोसमात दोनशेहून अधिक गुण घेतले आणि तोवर कधी बाद फेरी न पाहिलेला तो संघ उपांत्य सामन्यापर्यंत गेला. तिथे त्यांना आपल्या पुणेरी पलटणने ३९-३७ असं हरवलं. पवन जखमी झाला नसता तर नरेंदरला एवढ्या चढाया मिळाल्या असत्या का, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो. आपल्या राखीव बाकावरही असा कोणी बसलेला असू शकतो, आणि त्याला पाहण्यासाठी आपण पहिल्याचा गुडघा जायची वाट पाहू नये.

पुणेरी पलटणचा दहावा मोसम तर प्रत्येक गावच्या प्रशिक्षकाने अभ्यासावा. बावीस साखळी सामन्यांत सतरा विजय, तीन बरोबरी, फक्त दोन पराभव. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद. प्रशिक्षक बी. सी. रमेश, कप्तान नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. या संघात तीनशे गुण घेणारा एकही राक्षस नव्हता. अस्लम, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते असे चौघे जण चढाया वाटून घेत. अंतिम सामन्यात संघाकडून सर्वाधिक गुण पंकज मोहितेचे. आज कोण चढाई करणार हे समोरच्याला आधी कळतच नसे.

आता याच्या उलटचं उदाहरण लपवू नये. २०१७ साली पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने एका मोसमात ३६९ चढाई-गुण घेतले आणि संघाला ओळीने तिसऱ्यांदा अजिंक्यपद मिळालं. एकाच माणसाच्या बळावर जिंकता येतं. पण तो प्रदीप नरवाल होता, आणि त्याच्या मागे फिजिओ, मॅट आणि सामन्यांमधली सुट्टी होती. सावली किंवा मूल तालुक्यातल्या उन्हाळी धानाची रोवणी करून आलेल्या बावीस वर्षांच्या पोराकडून तेच मागणं अन्याय आहे.

प्रत्यक्ष सामन्यात काय करायचं ते सांगतो. हे आकडे माझ्या वहीतले, माझ्या अनुभवाचे आहेत. तुमच्या चमूप्रमाणे बदला.

चाळीस चढायांपैकी मुख्य चढाईपटूच्या सोळा ते अठरा, त्यातल्या पहिल्या डावात आठाहून जास्त नाहीत. ओळीने तीन चढाया कधीच नाहीत, मग लोक कितीही ओरडोत. शेवटच्या आठ मिनिटांसाठी त्याच्या सहा चढाया बाजूला काढून ठेवायच्या, घरखर्चाचे पैसे आधी डब्यात टाकावे तशा. समोर सहा-सात गडी असताना बोनस घेणारा हलका मुलगा पाठवा. समोर दोन-तीनच उरले असतील आणि लोण चढवायचा असेल तर दुसऱ्या चढाईपटूला जाऊ द्या, त्याचा आत्मविश्वास तिथेच वाढतो. दोन रिकाम्या चढाया होऊन तिसरी आली की त्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर गडी बाद. गावोगावी मी पाहतो की ही तिसरी चढाई नेहमी मुख्य चढाईपटूच्या गळ्यात टाकतात. समोरचा चमूही त्याचीच वाट पाहत दबा धरून बसलेला असतो. मी पहिल्या डावात ही चढाई मुद्दाम तिसऱ्या चढाईपटूला देतो. तो बाद झाला तर एक गुण गेला. मुख्य गडी बाद झाला तर पाच मिनिटं गेली.

आपले तीनच गडी उरले की अव्वल पकडीची संधी असते, एका पकडीला दोन गुण. त्या वेळी उरलेल्या तिघांत दोन कोपरे असतील तर चांगलं. म्हणून बाद होण्याच्या क्रमावरही लक्ष ठेवा. कोपऱ्याला उगाच पुढे झेपावू देऊ नका.

आघाडी दहाच्या वर आणि वेळ पाच मिनिटांच्या आत असेल तर मुख्य चढाईपटूला बाहेर घ्या. हे वाक्य मी स्वतःसाठी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. मात्र बदलीचे नियम आधी विचारून घ्या. बारा जणांची यादी, सात मैदानात, पाच राखीव हे सगळीकडे ठाऊक असतं. पण बदली केव्हा करता येते, किती, बसवलेला गडी परत उतरवता येतो का, बाद गड्याच्या जागी दुसरा चालतो का, यावर गावच्या स्पर्धेत ऐन वेळी भांडणं होतात. नारळ फुटण्याआधी पंचांना गाठून हे चार प्रश्न विचारा, आणि दोन्ही कप्तानांसमोर विचारा.

दमलेला गडी तोंडाने कधीच सांगणार नाही. ‘जमते ना भाऊ, मी खेळतो’ हेच उत्तर येईल. त्याच्या शरीराकडे पाहा. चढाई करून परतल्यावर तो हात गुडघ्यांवर ठेवतो का? ‘कबड्डी, कबड्डी’चा दम मध्येच बारीक होतो का? साखळीत उभा असताना शेजाऱ्याचा हात सुटतो का? आणि सगळ्यात आधी दिसणारी खूण म्हणजे तो मध्यरेषेपाशीच घुटमळतो, निदान रेषा ओलांडली की लगेच वळतो. दोन चढाया अशा झाल्या की तिसऱ्याची वाट पाहू नका.

पहिले सात निवडताना एक गोष्ट लोक विसरतात. सामना सुरू करणारे सात आणि सामना संपवणारे सात वेगळे असू शकतात, असावेतही. पहिल्या फेरीतल्या कच्च्या चमूसमोर मी मुख्य चढाईपटूला बाहेर ठेवून सुरुवात करतो. पाच गुणांनी मागे पडलो तरच तो उतरतो. उलट एखादा कोपरा सुरुवातीला फार उतावीळ असतो, पण दुसऱ्या डावात समोरचे पाय जड झाले की त्याच्या पकडी लागतात; त्याला मध्यंतरानंतर आणा. २०१५ च्या एनबीए अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्सने चौथ्या सामन्यात उंच अँड्र्यू बोगटला बसवून आंद्रे इग्वोडालाला पहिल्या पाचांत घेतलं. मोसमभर तो बाकावरून येत होता. मालिका फिरली आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. बदल करायला लाजू नका.

दंव पडल्यावर मातीचं मैदान वेगळं होतं. उड्या मारणारा चढाईपटू घसरतो, हाताने स्पर्श करून फिरणारा टिकतो. घोट्याची पकड निसटते, मांडीची टिकते. मध्यरात्रीनंतरच्या सामन्यासाठी वेगळे सात मनात ठेवा.

आता आपल्या जिल्ह्यांपुरती, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सिकलसेल.

चंद्रपूर-गडचिरोलीत घरटी कोणी ना कोणी ‘एएस पॅटर्न’ किंवा ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द ऐकलेले असतात. एएस म्हणजे वाहक. तो एरवी धडधाकट असतो, शेती करतो, खेळतो, भरतीत पळतो. त्याला चमूतून काढायचं काहीच कारण नाही, आणि काढू नये. पण अतिश्रम, अंगातलं पाणी कमी होणं आणि उकाडा हे तिन्ही एकत्र आले तर वाहकाच्या रक्तातल्या पेशीही आकार बदलू शकतात आणि मुलगा मैदानात कोसळू शकतो. अमेरिकेत कॉलेज खेळाडू असे दगावल्यावर २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीच्या विद्यापीठांत खेळाडूंची ही तपासणी सुरू झाली. आपल्याकडे तपासणी सरकारी दवाखान्यात होते, जुलै २०२३ मध्ये देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू झाली आहे. हंगामाआधी सगळ्या बाराही जणांना घेऊन जा. एकट्या-दुकट्याला पाठवू नका, त्याला वेगळं काढल्यासारखं वाटतं. निकाल त्याचा त्याच्याकडे, फार तर तुमच्याकडे. चावडीवर नाही.

वाहक मुलाचे नियम सोपे आहेत. सरावात दम लावायच्या फेऱ्यांमध्ये त्याला थांबायची मुभा, भरपूर पाणी, ताप किंवा जुलाब असताना खेळ बंद. तो ‘पाय भरून आले, ताकद जात आहे’ म्हणाला तर त्याला गोळा आला असेल असं समजून पाय ओढत बसू नका. गोळ्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो. इथे स्नायू हाताला मऊ लागतो, पण मुलगा उभा राहू शकत नाही. खेळ तिथेच थांबवा, पाणी द्या, गाडी काढा, दवाखाना गाठा. आणि एसएस असलेल्या मुलाला डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सामन्यात उतरवू नका. त्याच्यासाठी रात्रीची थंडीसुद्धा त्रासाची असते. पण त्याला संघाबाहेरही टाकू नका, गुणलेखनाची वही त्याच्या हातात द्या. माझी वही दोन हंगाम अशाच एका मुलाने लिहिली, आणि कोण दमला हे माझ्याआधी त्याला कळायचं.

मलेरिया होऊन गेलेल्या मुलाबद्दलही हेच. ताप उतरला म्हणजे ताकद आली असं नाही. आठवडाभर नुसता चालू द्या, मग पळू द्या. मुलींच्या चमूत रक्त कमी असण्याचं प्रमाण मोठं असतं. हंगामाआधी हिमोग्लोबिन बघा, तो आकडा पाहून मिनिटं ठरवा.

रात्रीच्या दोन सामन्यांमध्ये तास-दोन तास जातात. पोरं शेकोटीपाशी बसतात, ऊब लागते, डोळे मिटतात, आणि नाव पुकारल्यावर तशीच उठून मैदानात पळतात. शेकोटीने कातडी तापते, स्नायू थंडच राहतात. सामना संपताच घामाचा बनियन बदला, स्वेटर घाला, चादर गुंडाळा. पुढच्या सामन्याआधी दहा मिनिटं हळूहळू पळवा, राखीव पाच जणांनाही. थंड अंगाने उतरवलेला बदली गडी पहिल्याच चढाईत जखमी होतो आणि मग लोक म्हणतात, बघा, बदल केला म्हणून हरलो. खायला केळी, गूळ-शेंगदाणे, थोडे पोहे. आयोजकांचं मटण-भाताचं जेवण शेवटच्या सामन्यानंतर. आणि बाकावर खर्रा नाही. खर्ऱ्याने छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, आणि दमावर चालणाऱ्या खेळात तो तोंडात ठेवून बसणं म्हणजे स्वतःच्याच चमूचे गुण कापणं.

माणसांचा प्रश्न या सगळ्याहून अवघड. वर्गणी दिलेल्या काकांचा पुतण्या, बक्षीस देणाऱ्याचा भाचा, आणि बाहेरून पैसे देऊन आणलेला चढाईपटू. बाहेरच्या गड्याशी आधीच बोला: ‘दादा, पहिले दोन सामने आमची पोरं सुरुवात करतील, तुम्ही तयार राहा, पैसे पूर्ण मिळतील.’ पैसे सामन्यावर ठरवू नका, स्पर्धेवर ठरवा, म्हणजे तो प्रत्येक चढाईसाठी हटून बसणार नाही. काकांना मात्र वही दाखवा. अमुक मुलाने सरावात किती चढाया केल्या, किती गुण आणले, किती वेळा बाद झाला. आकडा समोर असला की बरेच आवाज खाली येतात. सगळे येत नाहीत, तेवढं सोसायला लागतं.

आणि ज्याला पहिल्या सातांतून काढलं त्याला ते माइकवरून कळू नये. आदल्या संध्याकाळी त्याच्या घरी जा. ओट्यावर बसा, त्याच्या आईसमोर सांगा की उद्या तू सुरुवातीला बाहेर आहेस, दुसऱ्या डावात तुला उजव्या कोपऱ्यात आणणार आहे, त्यांचा तो डावरा चढाईपटू तुझ्याच बाजूला येतो, तू आतापासून त्याचा पाय बघत राहा. काम दिलेला मुलगा बाकावर जागा राहतो. काम न दिलेला मोबाइल बघतो.

वही कशी लिहायची ते सांगून थांबतो. दोन रुपयांच्या पानावरही होते. डावीकडे बारा नावं, वर दोन डाव. चढाई गेली की एक उभी रेघ, गुण आला की रेघेवर टिंब, बाद झाला की रेघेला काट, बसवला की गोल आणि बाजूला मिनिट. सामना संपल्यावर मुख्य चढाईपटूच्या रेघा मोजा आणि पुढच्या सामन्याआधी तो आकडा त्याला नाही, दुसऱ्या चढाईपटूला दाखवा: याच्या एकोणीस झाल्या, आता पुढच्या सामन्यातल्या पहिल्या सहा तुझ्या.